टाळूचं तेल

संध्याकाळी वालाच्या शेंगा सोलून झाल्या की कृष्णाबाई खोबरेलाच्या वाटीत बोट बुडवायची आणि सुनेच्या, नूतनच्या पोटावर, उजव्या बरगडीखाली, अलगद टेकवायची. तिथं नातवंडाचं डोकं होतं. जन्मल्यावर टाळूवर तेल घालायचंच, मग आधीपासून का नको, असं तिचं साधं म्हणणं.

डोकं तिथं असल्याचं रोह्याच्या डॉक्टर अनन्यानं दाखवलं होतं. तिनं तळवे चोळून गरम केले, नूतनचं पोट चाचपलं आणि म्हणाली, "बाळ पायाळू आहे. मावशी, हात द्या तुमचा. हे कडक, गोल लागतंय ना? हलवलं की नुसतं तेवढंच डुलतं, म्हणजे डोकं. बसायची बाजू मऊ असते, ती हलवली की सगळं अंग सोबत येतं. फिरेल अजून. पण तुम्ही फिरवायला जाऊ नका. चोळायचं नाही, दाबायचं नाही."

"नाय दाबत गो बाय," कृष्णाबाई म्हणाली होती.

आणि काल नेमका घात झाला. तेल लावताना अंगणात कुत्र्यानं कोंबडीवर झडप घातली, कृष्णाबाई दचकली आणि तिचा अख्खा पंजा पोटावर पडला. नूतन हसलीच. "आई, कोंबडी वाचली, मी मरते!"

आज सकाळी मात्र नूतन हसत नव्हती. "आई, इथं कायतरी वेगळंच लागतंय. बघा ना."

कृष्णाबाईनं हात ठेवला. कडक गोल काही नव्हतंच. मळलेल्या पिठावर बोटं टेकावीत तसं मऊ लागलं.

"हालतंय ना गो?"

"पहाटे लय हाललं. आता नाय समजत."

नूतनचा नवरा हर्षद धाटावच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेलेला. दोघी रिक्षानं निघाल्या. वाटभर कृष्णाबाईनं आपले हात पदरात गुंडाळून ठेवले होते.

अनन्यानं ठोके ऐकायचं यंत्र आधीच्याच जागी टेकवलं. नुसती खरखर. कृष्णाबाई भिंतीकडे बघत राहिली. मग अनन्यानं यंत्र बाजूला ठेवलं, हात चोळले आणि पोटाच्या वरच्या टोकापासून चाचपायला सुरुवात केली. वर, मग दोन्ही कुशी, मग खाली ओटीपोटाशी. तिथं तिची बोटं थांबली, जरा हलली, पुन्हा थांबली. तिनं यंत्र बेंबीच्या खाली टेकवलं आणि भाताच्या गिरणीचा पट्टा चालावा तसा आवाज खोलीभर झाला.

"कोलांटी मारलीय," अनन्या म्हणाली. "डोकं खाली आलं. आता जन्माला येईपर्यंत असंच राहू दे, म्हणजे झालं."

नूतन रडायला लागली, आणि मधेच हसली.

"माझा हात पडला काल," कृष्णाबाई भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली. "जोरात."

"हात पडून बाळं फिरत असती, तर तुम्हाला इथं पगारावर ठेवलं असतं मावशी. ते आपलं आपण फिरलंय. पण पोटाला काही लागलं तर लगेच यायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही." तिनं दोघींना बजावलं, आणखी थोडा वेळ ठोके ऐकले. "आता हात द्या."

"नको. या हाताला धाक बसलाय."

अनन्यानं आग्रह केला नाही. नूतननंच पडल्यापडल्या सासूचा पदर ओढला, आतून हात बाहेर काढला आणि बरगडीखाली ठेवला. हाताखालून एक टाच घसरत गेली. कृष्णाबाई हललीच नाही.

संध्याकाळी ती वाटी घेऊन आली खरी, पण बोट बुडवून तशीच उभी राहिली.

"अगो, पण आता डोकं पार खाली. मी तिथं कशी लावू?"

"खाली मी लावते. तुम्ही वरच लावा, नेहमीसारखं."

"वर तर ढुंगण आलंय!"

"मग? आंघोळ घालताना तेवढं सोडणार हाय का तुम्ही?"

कृष्णाबाईनं आधी अंगणाकडे पाहिलं. कुत्रा झोपला होता. मग तिनं तेलाचं बोट अलगद टेकवलं.