ठकूची वेणी आणि मी

मी एक जुना शिसवी कंगवा आहे, मित्रांनो. एका सुताराने उरलेल्या लाकडातून मला कोरले, माझा एकेक दात कानशीने घासला आणि आपल्या लेकीच्या हाती दिले. ती लेक पुढे आई झाली. तिच्या मुलीला सगळे लाडाने ठकू म्हणत.

ठकूचे केस म्हणजे जंगलच! रोज सकाळी आई वेणी घाली, ठकू कुरकुरे आणि मी गुंत्यांतून वाट काढत पुढे सरके. शेजारणी त्या वेणीचे कौतुक करत, तेव्हा अर्धे कौतुक मी गुपचूप माझ्या पदरात टाकून घेई.

ठकू पाचवीत असताना एके सकाळी माझ्या दातांत केसांचा पुंजकाच आला. कानामागे नाण्याएवढी गुळगुळीत जागा दिसली. आईने वेणी जरा वळवून घातली. पण झाकून किती झाकणार? चकत्या वाढल्या, भुवयाही विरळ झाल्या. कोणी म्हणे तेल बदला, कोणी म्हणे कंगवा बदला. खरेच माझे काही चुकले का, असे मलाही वाटू लागले.

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो, तेव्हा मी आईच्या पिशवीत होतो. त्यांनी समजावले, की शरीराचे रक्षण करणारे शिपाईच कधीकधी चुकून केसांच्या मुळांवर धावून जातात. यात तेलाचा दोष नाही, कंगव्याचा नाही आणि आईचा तर नाहीच. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. केस नक्की येतील का, असे ठकूने विचारले, तेव्हा त्यांनी खोटा धीर दिला नाही.

"पुष्कळ मुलांचे येतात. कधी पुन्हा जातातही. आपण प्रयत्न सोडायचा नाही."

मलमाने टाळू लाल होई, खाजे. टाळूत औषधाच्या बारीक सुया टोचताना ठकू बाबांचा अंगठा घट्ट धरी. ते सारे तिने सोसले. पण शाळेत कुणीतरी तिचा रुमाल ओढला, त्या दिवशी घरी येऊन तिने मला खणात टाकले. "मला तो दिसायला नको," एवढेच ती म्हणाली. बटणे आणि दोऱ्यांच्या रिळांत मी पडून राहिलो. ठकूचे खेळायला जाणेही बंद झाले.

एका सकाळी समोरच्या घरातली मैत्रीण आली. तिची आई कामावर लवकर गेली होती आणि केसांचे पार घरटे झाले होते. ती चाचरतच म्हणाली, "मला वेणी येत नाही गं. तू घालशील?"

ठकूने तिला समोर बसवले. मग खण उघडला. ठकूची बोटे आधी अडखळली, मग सराईतपणे चालू लागली. "हलू नकोस," ती थेट आईच्या सुरात म्हणाली. दाराआडून पाहताना आईला हसू आले, आणि डोळ्यांना पदरही लावावा लागला.

"सुया दुखतात का?" मैत्रिणीने विचारले.

"दुखतात. पण वर्गात जास्त दुखतं."

त्याच दिवशी वर्गाच्या बाईंना विचारून ठकूने वर्गापुढे रुमाल सोडला आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेले सगळे सांगितले. शेजारी मैत्रीण उभी होती. रुमाल ओढणाऱ्या मुलाने मधल्या सुट्टीत आपण होऊन माफी मागितली.

आता ठकूच्या टाळूवर एका बाजूला पांढरी, मऊ लव आली आहे. दुसरी बाजू अजून कोरी आहे. मनात आले तर ती रुमाल बांधते, नाही तर तशीच हुंदडते.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच मागतो, की असे कुणी तुमच्या वर्गात असले, तर टक लावून पाहू नका, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका.