मिस्त्रींचे अकरा चर

नोटीस डकवायला जंगलखात्याला नेमकी मावशीच्या गॅरेजचीच भिंत सापडली, आणि तीही आदल्याच आठवड्यात रंगवलेली. मावशीने आधी त्या खळीचा उद्धार केला, मग मजकुराकडे वळली. तिची शाळा तिसरीत सुटलेली. अक्षराला अक्षर जोडत ती ‘वाहनांस’पर्यंत पोचली आणि अडली.

“सूनबाई, पुढे काय खरडलंय ते वाच. मोठ्याने वाच.”

सून जीपखालून बाहेर आली, ग्रीसचे हात फडक्याला पुसत. “पुढल्या महिन्यापासून टेकडीची वाट गाड्यांना बंद, आई. पायी जाणाऱ्यांना खुली. चाकांनी उतार खचलाय म्हणे.”

“चाकांनी! आणि यांचा साहेब टेकडीवर काय पाळण्यात बसून जातो?”

सून हसली नाही. ती आत बघत होती. मावशीनेही तिकडे पाहिलं आणि तिची जीभ जरा आवरली.

आत खुर्चीत मिस्त्री बसले होते. मावशीचे यजमान. तीस वर्षांपूर्वी गॅरेजमागच्या सरकारी जंगलातून पठारापर्यंतची ही वाट त्यांनीच आखली होती, खात्याची रीतसर परवानगी काढून, चार मित्रांना हाताशी धरून. सुट्टीच्या दिवशी लांबलांबून जीपवाले, मोटरसायकलवाले त्या वाटेसाठी यायचे आणि परतताना मावशीची बोलणी खाऊन जायचे. तिच्या बोलण्याशिवाय चढ पुरा होत नाही, असं ते म्हणत. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींचं उजवं अंग गेलं, त्याबरोबर बोलणंही गेलं. तेव्हापासून उजवा हात मांडीवर असा पडून असायचा, जसा कुणी परक्याने विसरून ठेवलाय. घरी चमचा तोंडाशी धरावा लागे. पण दर रविवारी सून त्यांना जीपमधून पठारावर नेई, आणि तिथे वाऱ्याकडे तोंड करून बसले की मिस्त्री चहाचा कप स्वतः धरायचे. दोन्ही हातांनी. थोडा सांडायचा, पण स्वतः प्यायचे. असं का होतं ते डॉक्टरला सांगता आलं नाही, आणि मावशीने त्याला फारसं विचारलंही नाही. उगाच दृष्ट लागायची.

पायी खुली! ज्याला अंगण ओलांडवत नाही त्याला.

सुनेने अर्ज केला. तिचं शिक्षण मावशी उठताबसता काढायची, पण अर्ज लिहून झाल्यावर सगळ्या जीपवाल्यांना तो तीनतीनदा ऐकवला तो मावशीनेच. अर्जाला उत्तर म्हणून रविवारी जंगलखात्याची अधिकारी पाहणीला आली. तिशीची पोरगी, पायात मोठे बूट, हातात मोजायची टेप.

“मॅडम, पुढे मिस्त्री बसतात,” सुनेने सांगितलं. “तुम्ही मागे, आईंशेजारी.”

“बस पोरी, चावत नाही मी,” मावशी म्हणाली. “चावायला दात कुठे उरलेत!”

जीप चढाला लागली आणि मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आमची माणसं वाट सोडून एक चाक खाली घालत नाहीत. प्लास्टिकचा कपटा दिसला तर उचलून आणतात. मीच दम भरलाय तसा. चालणारेच बिस्किटांचे कागद टाकतात, बंद करायची तर त्यांना करा. अधिकारी ऐकून घेत होती, आणि ऐकता ऐकता बाहेर बघत होती. वाटेच्या मधोमध पाण्याने खोल घळ पाडली होती. कडेची माती वाहून गेलेली, झाडांची मुळं उघडी पडलेली. सून चाक जपून घळीच्या काठाने काढत होती.

“हे दोन वर्षांतलं आहे,” अधिकारी म्हणाली. “आधीचे फोटो आहेत माझ्याकडे. अट्ठावीस वर्षं काही झालं नाही, आणि दोन वर्षांत एवढं? म्हणून तर खात्याला वाटतं, गाड्या वाढल्या.”

“गाड्या उलट कमी झाल्यात,” सून म्हणाली.

तेवढ्यात मिस्त्रींनी डाव्या हातातली काठी समोरच्या पत्र्यावर आपटली. ठक. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा ठक.

“काय म्हणताहेत ते?” अधिकारीबाईने विचारलं.

“काही नाही गं. इथे इथे गाडी दणकायची, ती सवय. आता दणकत नाही तरी आपटतात.”

“दणकायची कशाने?”

“चर होते ना आडवे. वाट कापून जाणारे, एवढेएवढे. अकरा. यांनीच खणलेले. गाडी त्यात गेली की बसणाऱ्याचा जीव निघायचा. आजारी माणूस हो, कण्हायचे. म्हणून मी ते...”

मावशीची नजर बाहेरच्या घळीकडे गेली.

ठक, केलं मिस्त्रींनी. तिसऱ्या जागी. आणि मान वळवून त्यांनी मागे पाहिलं. अधिकारीबाईकडे नाही, सुनेकडेही नाही. बायकोकडे. दोन वर्षं दर रविवारी ते तसंच बघायचे, आणि ती म्हणायची, “झालं हो, आलंच पठार.”

“गाडी थांबव,” मावशी म्हणाली.

खाली उतरून ती त्या जागी उभी राहिली. दगड आणि माती ठोकून बसवलेली जागा, अगदी सपाट. तिच्याच हुकमाने बसवलेली. माझ्या माणसाची हाडं खिळखिळी होतात, बुजवा मेले ते खड्डे, असं म्हणाली होती ती, आणि एका दुपारी वीस जीपवाल्यांनी अकराच्या अकरा बुजवले होते. मावशीपुढे ब्र काढायची कुणाची छाती होती? पाणी आडवं काढून द्यायला चर होते. ते गेले, आणि पाण्याने वाटच धरली खाली जायला.

सून खाली आली. “आई,” ती हळूच म्हणाली, “मॅडमना कळलेलं नाही अजून. आपण चर परस्पर उघडू.”

मावशीने तिच्याकडे पाहिलं. पोरीने पहिल्यांदाच काहीतरी लबाडीचं सुचवलं होतं, आणि तेही सासूचं नाक वर राहावं म्हणून. मावशी नेहमीपेक्षा जास्तच खेकसली. “गप्प बस. लबाडी करायला अक्कल लागते, ती तुला नाही.”

मग अधिकारीबाईकडे वळली. “लिही. चाकांनी नाही, माझ्यामुळे झालंय. चर मी बुजवले.”

“मावशी, हे फायलीत जाईल. सुनावणीत सगळ्यांसमोर वाचलं जाईल.”

“वाचू देत. आण तो कागद, सही येते मला.”

बॉनेटवर कागद ठेवून तिने सही केली. चार अक्षरांना बराच वेळ लागला. काचेमागून मिस्त्री बघत होते.

सुनावणीत ते खरंच मोठ्याने वाचलं गेलं. जीपवाल्यांनी माना खाली घातल्या. मावशीने घातली नाही, पण पदराचं टोक तिने बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं. खात्याने पावसाळ्यापर्यंत मुदत दिली. चर उघडा, घळ भरा, मग पाहू.

तीन रविवार कुदळी चालल्या. मिस्त्री जीपमध्ये बसून काठीने दाखवायचे, आणि एखादा चर वीतभर चुकला की अशी ठकठक करायचे की मावशी म्हणायची, “तोंड गेलं, पण बोलणी खायला घालायची हौस काही गेली नाही!”

भर पावसात अधिकारी पुन्हा आली आणि पहिल्या चराशी छत्री धरून उभी राहिली. गढूळ पाणी उतारावरून धावत आलं, चरापाशी वळलं आणि मुकाट्याने झाडीत गेलं. तिने टेप काढलीच नाही. भिंतीवरची नोटीस तिने स्वतः खरवडली, रंगासकट.

“आता रंग कोण देणार?” मावशी म्हणाली.

पुढल्या रविवारी मावशी मागे न बसता पुढे, मिस्त्रींना खेटून बसली. पहिला चर आला. तिने आपला हात त्यांच्या पाठीमागून घालून खांदा घट्ट धरला.

“धरलंय हो मी,” ती म्हणाली. “सूनबाई, सावकाश.”

गाडी दणकली. मिस्त्री कण्हले. पण काठी वाजली नाही. असे आणखी दहा दणके बाकी होते, आणि त्यानंतर पठार, वारा, आणि थर्मासमधला चहा.