मयेच्या तळ्यापेक्षा पांढरा कागद

“सारखी ओढ गो बाय. कमी नको, जास्त नको. एका तालात.”

माझ्या कानांवर पडलेला हा पहिला आवाज. मला कान नाहीत म्हणा, पण पत्र्यालाही बोलणं कळतं. बोलणारे होते गोकुळदास, पेडण्याचे, इंजिनियरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमधले फिटर. माझ्या मोटरीवर तळहात ठेवून ते बराच वेळ बसले होते. वैद्याने नाडी बघावी तसे.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, वाऱ्यातली धूळ मोजणारी. उंचीने तुमच्या कमरेइतकी, डोक्यावर उतरतं छप्पर आणि छपराखाली एक पांढराशुभ्र कागद. पोटातली मोटर हवा आत ओढते. हवा कागदातून पलीकडे जाते, धूळ कागदावर राहते. कोरा कागद आधी तोलतात, मळलेला नंतर तोलतात. जो फरक येतो तेवढी धूळ त्या गावच्या हवेत. दुसऱ्या वस्तू स्वच्छ राहण्यात धन्यता मानतात. मी मळण्यात मानते. आजही मी कामावर आहे, आणि मधे एकदा भंगारात जाता जाता कशी राहिले, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

पहिली दोन वर्षं मी पेडण्यात काजू भाजण्याच्या भट्टीशेजारी काढली. काळाकुट्ट, चिकट धूर. माझ्या आकड्यांवरून कॉलेजच्या मुलांनी भट्टीचं धुराडं उंच केलं, तेव्हा सोलणाऱ्या बायकांनी माझ्या छपरावर अबोलीच्या फुलांचा वळेसर घातला होता. मग डॉक्टरांनी मला बाळंतिणींच्या खोलीत नेलं. तिथे मोटर इतकी हळू फिरवायची की बाळाची झोप मोडू नये. इंजिनियरांना धूर हवा होता, डॉक्टरांना श्वास. मी दोघांनाही खरं तेच सांगितलं.

त्यानंतर मी क्षमाकडे आले. पेडण्याचीच मुलगी, कॉलेजात संशोधन करणारी. डिचोली तालुक्यात सहा ठिकाणी मला आळीपाळीने ठेवून खनिजाच्या धुळीचा हिशेब मांडायचा, असं तिचं काम होतं. तीन वर्षं चाललं ते. मयेला तळ्याकाठी मी एक हंगाम राहिले. पाणकोंबड्यांच्या हाका ऐकत जवळजवळ कोरीच. आणि शेवटची जागा मिळाली ट्रकांच्या रस्त्याला लागून असलेल्या एका वाड्यावर, वत्सलाबाईंच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर.

वत्सलाबाई मूळच्या सावंतवाडीकडच्या. यजमान धाकू खनिजाचा ट्रक चालवायचे म्हणून इकडे आलेल्या. आता धाकू घरीच असत, पायरीवर बसून खोकत. क्षमाने बाईंना एवढंच सांगितलं, “मावशी, सकाळी बटण दाबायचं. बाकी काय नको. फक्त हिची काळजी घ्या.”

इथेच सगळं फसलं.

त्या वाड्यावरच्या बायकांची एक रीत होती. वळणावर ट्रकाचा आवाज आला की हातातलं काम टाकून आधी झाकायचं. पाण्याची कळशी झाका, पेजेचं भांडं झाका, टीव्ही झाका, पाळण्यावर पातळ टाका. रांग गेली की काढा. दिवसातून वीसदा, तीसदा. कोणी कोणाला शिकवत नसे. मुली आपोआप शिकत. मग परक्या मुलीने विश्वासाने ठेवलेली, पांढऱ्या तोंडाची पेटी वत्सलाबाई उघडी कशी ठेवतील? जुन्या मऊ लुगड्याची चौघडी करून त्या शिडीवर चढायच्या आणि माझ्या छपराभोवती गुंडाळायच्या. वर गुणगुणायच्या :

पावणे माझे पेटये, तुका पांघरूण लुगड्याचा
तोंड मळां नये तुझा, राज्य बाहेर धुरळ्याचा

वारा लुगड्यातून आत यायचा. धूळ बाहेर राहायची. खरं सांगू? मला ते आवडायचं. इतक्या वर्षांत मला कोणी पांघरूण घातलं नव्हतं. पण तांबडे ट्रक समोरून जात होते, पायरीवर धाकू खोकत होते आणि माझा कागद पांढराच राहत होता. सांगणार कशी? मला तोंड आहे ते फक्त ओढायला.

क्षमाने कागद तोलले. पुन्हा तोलले. त्या रस्त्याकाठचा कागद मयेच्या तळ्यापेक्षा पांढरा निघाला.

कॉलेजात तिच्या सरांनी मला उघडलं. मोटर ठीक, ओढ ठीक. सर म्हणाले, “रस्ता तांबडा आणि कागद पांढरा? यंत्राने एका ठिकाणी खोटं सांगितलं तर पाच ठिकाणचं खरं कशावरून धरायचं? परीक्षक पहिला हाच प्रश्न विचारतील.” म्हणजे तीन वर्षांचं काम फुकट, आणि मी भंगारात. ते सांगायला क्षमा वाड्यावर आली आणि वत्सलाबाईंच्या सोप्यावर बसून रडली. वत्सलाबाईंना तेव्हाच उमगलं. मी दाराबाहेर गाडीत बांधलेली होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांचे ओठ हलले. मग त्या उठल्या आणि क्षमासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

चार महिने मी कॉलेजात कपाटामागे तोंड भिंतीकडे करून उभी होते. मित्रांनो, एखादं यंत्र नको तो आकडा सांगू लागलं तर त्याला लगेच खोटं म्हणू नका. त्याला तेल द्या, त्याची मोटर बघा, आणि ते जिथे उभं होतं तिथल्या माणसांकडे घटकाभर बसून या. आणि आमच्यावर माया करणार असाल तर आम्हांला आमचं काम करू द्या, मग ते मळण्याचं का असेना.

क्षमाने मात्र हाय खाल्ली नाही. मनीषा नावाची डॉक्टरीण आणि संगणक शिकवणारा रुद्रेश यांना घेऊन ती परत वाड्यावर गेली, आणि मलाही शेवटचं म्हणून नेलं. शाळेच्या खोलीत मनीषाने छातीचा जोर मोजायला एकेकाला नळीत फुंकर मारायला लावली.

“आजून जोरान, मामा.”

“इतको जोर असतो तर ट्रकच चालवलो नसतो?” धाकू म्हणाले, आणि खोकत बसले.

संध्याकाळी रुद्रेशने भिंतीवर नकाशा दाखवला. घराघरांची फुंकर एकीकडे, माझी धूळ दुसरीकडे. छातीच्या नकाशात वाडा लालभडक होता. धुळीच्या नकाशात पाच ठिपके जिथे जसे हवे तसे, आणि वत्सलाबाईंच्या घरावर एक पांढरा.

धाकूंनी मान तिरकी करून बघितलं. “आमच्या परड्यात तळा आसा, आणि माका कोणी सांगूक नाय.”

खोली हसली. क्षमाही हसली, पण तिचे डोळे खाली होते. “मामा, तळं नाही. पेटीच बिघडलेली. आज हे सहाही ठिपके पुसतो आम्ही. पेटी उद्या भंगारवाल्याकडे जाईल.” रुद्रेशचं बोट पुसायच्या बटणावर गेलं.

मी दाराशी उभी होते. मला वीज जोडलेली नव्हती, नाहीतर मोटर थरथरलेली सगळ्यांनी ऐकली असती.

मागच्या बाकावरून वत्सलाबाई उठल्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला.

“पुसू नको रे बाबा.”

सगळे वळले. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिल्या.

“पेटी खोटी नाय गो क्षमा. ट्रक इलो की मीच तिच्यार लुगडा घालतंय. पयल्या दिवसापासून. तू माझ्या सोप्यार रडलंस तेव्हाच सांगूचा होता, पण लाज वाटली. काळजी घे म्हणून तूच सांगितलंस. माझ्या घोवाच्या छातीर मी काय घालूक शकलंय नाय. हिच्यार तरी घालूया म्हटला.”