दुसऱ्याच्या कमरेची गाठ

मी दोर बोलतोय. विहिरीचा नाही, झोक्याचा नाही, गुरांचा तर नाहीच. मी गाठी शिकायचा दोर. स्काऊटच्या पोरापोरींनी बांधून-सोडून, सोडून-बांधून मऊ केलेला. इतक्या हातांतून गेलो की माणसाच्या बोटांवरून मला त्याच्या मनातलं कळतं. नको तिथं कान लावायची खोडही आहेच. पण आज दुसऱ्यांच्या घरातलं नाही सांगत. जे माझ्याच अंगावर घडलं ते सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमधला. दोर वळणारा माणूस उलटा चालतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तोंड चाकाकडे, पाठ भिंतीकडे. मला वळणारा म्हातारा जन्मभर असा उलटा चालला. त्याची बायको चाक फिरवायची आणि ओरडायची, "अहो, मागं बादली आहे!" तो बादलीला धडकायचा आणि म्हणायचा, "मग आधी सांगायचं ना!" असं भांडत भांडत दोघांनी माझे तीन पदर एकमेकांत घातले, टोकं दोऱ्यानं गच्च गुंडाळली आणि मला दुकानात धाडलं.

तिथून मला आणलं एका शाळेच्या ड्रिलच्या सरांनी. सडपातळ माणूस, गळ्यात शिट्टी, बुटांना पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. घरी आल्या आल्या त्यांनी मला खुर्चीच्या पायाला बांधलं, सोडलं, टेबलाच्या पायाला बांधलं. त्यांची बायको ताटं घेऊन उभीच.

"झालं! आता जेवायला बसायचं कुठं? छताला?"

"अगं, दोर बघ किती गुणाचा आहे. एकदा सांगितलं की ऐकतो."

"मग त्यालाच वाढते."

पोरं या बाईंना काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणतो.

शाळेच्या मैदानात माझी शिकवणी सुरू झाली. खरं तर पोरांची, पण झिजलो मी. आधी सुरगाठ, मग सपाट गाठ, मग खुंटाला बांधायची गाठ. आणि सरांची लाडकी म्हणजे बोलाईन. जीव वाचवायची गाठ. कमरेभोवती असा फेर पडतो की भार असेपर्यंत तो आवळतही नाही आणि सुटतही नाही. सर ती गोष्टीतून शिकवायचे. "हे छोटं वेटोळं म्हणजे दार. हा उभा दोर म्हणजे खांब. पाहुणा दारातून आत आला, खांबाला वळसा घातला, आणि आल्या दारानं परत गेला."

"चहा न घेता!" सगळी पोरं एकदम ओरडायची.

सरांना वेड होतं ते झटपटपणाचं. गळ्यातला स्कार्फ डोळ्यांवर बांधायचा, शिट्टी वाजली की मला स्वतःच्या कमरेला बांधायचं आणि हात वर करायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेतही असंच असायचं, आणि ढाल दर वर्षी आमच्याच शाळेला. एकदा एका गोलमटोल मुलानं घाईत स्वतःबरोबर बाकही बांधून घेतला. हात वर करून म्हणाला, "सर, मी बाकासकट पहिला!" सर इतके हसले की शिट्टी गिळतात की काय असं वाटलं.

सगळ्यांत चपळ होती मुंगी. हे सरांनीच ठेवलेलं नाव. अंगानं एवढीशी, पण कशावरही चढेल. तिच्या बोटांत मी आलो की मला काही करावंच लागायचं नाही. आपोआप गाठ व्हायचो. तिची आई फाटकाशी उभी राहून कौतुकानं कुरकुरायची, "घरी साधी वेणी बांधायला सांगा, तासभर लावेल."

असं सगळं छान चाललं होतं. छानच म्हणायचं, कारण काय राहून जातंय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

त्या वर्षीची सहल दगडाच्या जुन्या खाणीकडे निघाली. मी आणि माझ्या जोडीचा एक दोर सरांच्या पिशवीत होतोच. डबे खाऊन झाले, पोरं इकडेतिकडे पांगली. "कडेला जाऊ नका रे," असं ओरडत सर स्वतःच कडेला गेले. पायाखालचा दगड निसटला.

वरून वाकून बघितलं तर सर भिंतीतल्या एका अरुंद टप्प्यावर अडकलेले. उजवा खांदा निखळलेला. डाव्या हातानं कपारीतलं एक मूळ धरलेलं. एरवी सरांनी एका हातानं, डोळे मिटून मला कमरेला बांधून घेतलं असतं. पण त्यासाठी मूळ सोडायला हवं होतं.

रस्त्यावरून जाणारा एक ट्रकचालक पोरांची आरडाओरड ऐकून धावत आला. दांडगा होता, पण खाली त्याला कोण सोडणार?

"मी जाते," मुंगी म्हणाली. "मीच सगळ्यांत हलकी."

माझ्या जोडीचा दोर तिनं पापणी लवायच्या आत स्वतःच्या कमरेला बांधला. मला खांद्यावर घेतलं. आम्हा दोन्ही दोरांची वरची टोकं ट्रकचालकानं आणि मोठ्या पोरांनी धरली, आणि आम्ही खाली गेलो.

"आलीस, मुंगे? शाबास. खाली बघू नकोस."

"नाही बघत, सर."

तिनं मला सरांच्या पाठीमागून फिरवून पुढं आणलं. आणि तिची बोटं थांबली. मला ते थांबणं अजून जाणवतं. ज्या बोटांना कधी विचार करावा लागला नव्हता, ती विचार करायला लागली.

"सर, दार कुठं करू?"

"नेहमीसारखं कर की."

"नेहमी ते माझ्या अंगाशी असतं. हे समोरून आहे, सर."

सरांनी मान वाकवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "अरेच्चा," ते हळूच म्हणाले, खिशात किल्ली नाही हे लक्षात आल्यासारखे. "मलाही उलटंच दिसतंय गं."

मग त्यांनी सांगून पाहिलं. "थांब हं. पाहुणा तुझ्या डावीकडून... नाही, माझ्या डावीकडून..." तेवढ्यात त्यांच्या बुटाखालची माती भुरभुरली. "बांध, पोरी. काहीतरी बांध!"

तिनं बांधलं. दिसायला अगदी तीच गाठ. पण टोक दारातून परत गेलंच नव्हतं. वळशाला नुसतं गुंडाळून बसलं होतं. मला ते कळलं होतं. पण मी कुणाला आणि कसं सांगणार?

"झालं?"

"झालं, सर."

"ओढा!" सरांनीच वर हाक दिली.

पुरुषभर उंची आम्ही वर गेलो असू. मग सगळा भार माझ्यावर आला आणि माझं टोक सरकायला लागलं. तिन्ही पदरांनी धरून बघितलं. दोराला मूठ नसते हो.

सर ओरडले नाहीत. "मुंगे, डोळे मीट," एवढंच म्हणाले.

खाली दगडच होते.

मुंगीला वर ओढून घेतलं. तिच्या कमरेची गाठ जशीच्या तशी होती. ट्रकचालकानं ती सोडवली, तर बोट लावताच सुटली. चांगली गाठ सुटावी तशी.

मला पोलिसांनी गोणपाटात घातलं. चौकीच्या मागच्या खोलीत मोडक्या सायकली आणि जप्त केलेल्या खुर्च्यांमध्ये मी पडून राहिलो. चौकशीतून निघालं काय, तर गाठ सुटली. एवढंच. मग मला काकूंच्या हवाली केलं. काकूंनी मला दाराआडच्या खिळ्याला टांगलं.

शेजारीण आली की आधी माझ्याकडे बघायची. "फेकून द्या हो ते. घरात कशाला असली अवदसा?"

"असू दे."

"आणि ती पोरगी! म्हणे पथकात पहिली. ऐन वेळी हात गळाले. माझ्या धाकट्यानंसुद्धा बरी बांधली असती."

गावभर हेच चाललं होतं: पोरीनं गाठ चुकवली. मुंगीची आई फाटकाशी यायची बंद झाली. मुंगी शाळेत जायची, मागच्या बाकावर बसायची, घरी यायची. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "हो, माझी चुकली."

मग एके दिवशी हेडसर घरी आले. चहा अर्धा ठेवून म्हणाले, "वहिनी, सरांच्या नावानं आम्ही आंतरशालेय स्पर्धा सुरू करतोय. त्यांचीच लाडकी गाठ, डोळे बांधून, कमरेला. ढाल तुमच्या हस्ते द्यायची." काकूंनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं असावं. त्या दिवशी सरांचे बूट पुसून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी दारात.

"काकू, तुम्ही त्या स्पर्धेला जाऊ नका."

"का गं?"

"पुन्हा तेच चुकेल." काकूंनी मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्या पुढ्यात टाकलं. "बांध. काय चुकलं ते मला दाखव. रागावत नाही मी."

मुंगीनं मला स्वतःच्या कमरेला बांधलं. क्षणात. काकू बघतच राहिल्या.

"अगं, मग? येतंय की तुला!"

"आता तुमच्या कमरेला बांधते," मुंगी म्हणाली, आणि समोर उभी राहिली. मला त्यांच्या पाठीमागून पुढं आणलं. आणि बोटं पुन्हा तशीच थांबली.

काकूंनी मान वाकवून माझ्याकडे पाहिलं, सरांनी पाहिलं होतं तसंच.

"हे त्यांनी शिकवलंच नव्हतं?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्याला बांधायचं?"

"स्पर्धेत नसायचं, काकू."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला? सगळे तुला बोल लावतायत."

"मला लावू दे," मुंगी म्हणाली. "सरांना नको."

त्यानंतर ती रोज दुपारी येऊ लागली. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि ती समोरून बांधायची. चुकायची. सोडायची. "अगं, गुदगुल्या होतात," काकू म्हणायच्या. पण शेवटी तिला आली. समोरून, बाजूनं, आडव्या माणसाला, कशीही.

स्पर्धेच्या दिवशी काकूंनी मला पिशवीत घातलं. सभागृह भरलेलं. एका चष्मेवाल्या मुलानं डोळे बांधून सगळ्यांच्या आधी हात वर केला. टाळ्या. काकू ढाल द्यायला उठल्या, पण ढालीला हात न लावता त्यांनी मला बाहेर काढलं.

"बाळा, आता माझ्या कमरेला बांध बघू."

मुलगा हसला, मला हातात घेतलं आणि अडकला. दारच सापडेना. घामाघूम झाला. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

काकू माइककडे वळल्या. "याचा दोष नाही. मुंगीचाही नव्हता. माझ्या नवऱ्यानं पोरांना स्वतःला बांधायचं शिकवलं. दुसऱ्याला बांधायचं राहून गेलं. कळवळून सांगते, आता तरी शिकवा."

हेडसर घाईघाईनं पुढं आले. "वहिनी, बसा तुम्ही. पाणी आणा रे कुणीतरी!"

आणि मागच्या बाकावरून मुंगी उठली. रडत नव्हती. स्पष्ट आवाजात म्हणाली, "काकूंना माहीत नाही. सरांनी शिकवलं होतं. मीच विसरले."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मला कमरेवरून काढून हातात घेतलं. तिला खोटं कसं पाडणार? पोरीनं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

हेडसरांचा जीव भांड्यात पडला. "बघा! शिष्या असावी तर अशी. खरं बोलायला धाडस लागतं." टाळ्याच टाळ्या. काकूंच्या हातातून मला अलगद काढून घेतलं गेलं, "शाळा जपून ठेवेल" म्हणून. काकूंना रिक्षात बसवून घरी पाठवलं. शेजारणीनं त्याच संध्याकाळी गल्लीत जाहीर केलं, की दुःखानं बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. काकू पुन्हा शाळेत आल्या नाहीत.

आता मी शाळेच्या जिन्यात, काचेच्या कपाटात असतो. खाली सरांचा फोटो. हेडसरांनी खास माणूस बोलावून माझी बोलाईन बांधून घेतली. फेर अगदी माणसाच्या कमरेएवढा. आत कुणी नाही. स्पर्धा दर वर्षी होते, डोळे बांधून, स्वतःच्या कमरेला. ढाल कधी बाहेर गेलेली नाही.

माझं एवढंच मागणं आहे. सुट्टीत या जिन्यावरून एक मुलगी खाली उतरते, भिंतीच्या बाजूनं, माझ्याकडे न बघता. दुसऱ्याच्या कमरेला गाठ बांधता येणारी सबंध शाळेत ती एकटी आहे, आणि कुणी तिच्या हातात साधी सुतळीसुद्धा देत नाही. मला तिला हाक मारता येत नाही. तुम्ही मारा. तिला थांबवा, आणि म्हणा, "मुंगे, मला शिकव."