ओमेंच्या अर्ध्या खोलीतली फळी

मी बोलतेय, पण कोण म्हणून बोलतेय ते मलाच नीट सांगता येत नाही. सुताराला विचाराल तर मी फळी. सिगमार ओमेला विचाराल तर डोंगर, बोगदा, नदी आणि स्टेशन असलेलं अख्खं गाव. त्याच्या बायकोला, रोसविथाला विचाराल तर धूळ. तिघांचंही खरं आहे, आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

माझा जन्म कार्ल-मार्क्स-श्टाटमधला. सिमेंटच्या ठोकळ्यांची वसाहत, पाचवा मजला, दोन खोल्या आणि एक अर्धी. घराच्या कागदावरसुद्धा तिला अर्धी खोलीच म्हटलंय. त्या अर्ध्या खोलीत नऊ वर्षांची ग्रिट झोपायची. तिच्या पलंगावरची भिंत मोकळी होती. मोकळी भिंत काही लोकांना बघवत नाही. सिगमार यंत्रमागांच्या कारखान्यात फिटर, त्याला तर मुळीच नाही.

त्यानं मला दोन मीटर लांब आणि सत्तर सेंटिमीटर रुंद कापलं आणि बिजागऱ्यांवर भिंतीला अडकवलं. नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला रविवार आला की मला खाली पाडायचं, पाय लावायचे, खेळण्यातल्या आगगाड्या पळवायच्या. सहा जानेवारीला परत वर. म्हणजे वर्षाचे साडेदहा महिने मी भिंतीकडे तोंड करून उभी. चर्चचा मनोरा आडवा, नदी उभी, झाडं जमिनीला समांतर. वर म्हणजे कुठं आणि खाली म्हणजे कुठं, हे मला आजही विचारू नका.

माझे डोंगर म्हणजे कोंबड्यांच्या जाळीवर चिकटवलेली वर्तमानपत्रं आणि त्यावर प्लॅस्टर. कितीतरी भाषणं माझ्या पोटात गडप आहेत. गवत म्हणजे हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. झाडं म्हणजे ट्रामच्या रुळांकडेला वाळलेली फुलांची झुडपं. ती ग्रिटनं तोडून आणली आणि ग्रिटनंच चिकटवली. माझ्या खालच्या तारासुद्धा तिनंच जोडल्या, कारण पलंगावर उताणं पडून हात वर करून काम करायचं सिगमारच्या पोटाला जमत नव्हतं. पाहुणे आले की मात्र तो छाती काढून म्हणायचा, "आठ महिने राबलोय मी हिच्यावर!" ग्रिट काही बोलायची नाही. बोलायला हवं होतं.

मी खाली असले की ते सहा आठवडे ती माझ्याखाली झोपायची. उठताना डोकं आपटायचं. तिनं कधी तक्रार केली नाही. सहाच आठवडे तर होते.

रूळ माझे बारा मिलिमीटर रुंदीचे. आमच्याकडच्या छोट्या घरांना परवडेल असं ते माप, खऱ्याच्या एकशेविसाव्या भागाचं. त्या मापात माझं सगळं बसत होतं. स्टेशनमास्तर स्टेशनच्या दारातून आत जाऊ शकेल एवढा, गाय चर्चपेक्षा लहान. जग एवढं ठीकठाक असलं की पुरे, असं मला वाटायचं.

मग सतरा पूर्ण व्हायच्या आत ग्रिटनं शाळा सोडली. का सोडलीस, हे तिला घरात कोणी विचारलं नाही. का सोडलीस म्हणून ओरडले, ती गोष्ट वेगळी. मला कारण माहीत आहे. ती माझ्यासमोर, म्हणजे माझ्या पाठीसमोर, एकटीच बोलायची. वर्गात उभं राहून जे सरकारी गुणगान म्हणून दाखवायला सांगितलं ते तिला म्हणवलं नाही, बस. पुस्तक मिटलं आणि घरी आली. दोन महिने पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होती. त्या घरात तिला बसायला तेवढीच जागा होती.

त्याच वर्षी, नाताळाआधीच्या दुसऱ्या रविवारी, सिगमारचा भाऊ आर्मिन सीमेपलीकडून, पश्चिमेकडून आला. तो सीमा बंद व्हायच्या आधीच तिकडे गेलेला. कॉफी, संत्री, साबण, आणि वर्षातून एकदा पुरेल एवढा मोठेपणा घेऊन यायचा. या वेळी त्यानं सिगमारच्या हातात एक लांबट खोका ठेवला.

आत इंजिन होतं. काळं, जड, पितळी कडा असलेलं. सिगमारनं ते दोन्ही हातांनी उचललं. त्यानं ते माझ्या रुळांवर ठेवलं.

बसेना.

परत ठेवलं. चाकं रुळांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. साडेसोळा मिलिमीटरचं इंजिन ते, सत्त्याऐंशीव्या भागाचं. बारावर कसं बसेल?

"अरे, हे काय?" आर्मिन हसला. "तुमच्याकडे रूळसुद्धा अरुंदच का रे?"

आता इथं एखादा शहाणा माणूस म्हणाला असता की भाऊ, माप चुकलं, पण इंजिन छान आहे. सिगमार म्हणाला, "मी तसंही सगळं बदलणारच होतो. मोठं करायचं ठरलंय."

"कधी ठरलं?" ग्रिट दारातून म्हणाली.

"तू नाताळचा केक काप, श्टोलन," आई घाईनं म्हणाली. "काकांना जाड तुकडा दे."

आर्मिन गेला आणि सिगमारनं माझे रूळ उखडायला घेतले. माझी लहान इंजिनं, डबे, सगळं एका पेटीत. ते काळं धूड त्यानं चर्चसमोर उभं केलं. चर्चच्या दारातून त्याचं चाकसुद्धा आत गेलं नसतं. स्टेशनमास्तर त्याच्या चाकाएवढा दिसू लागला. मी लहान झाले की जग मोठं झालं? मला काही समजेना. सिगमारला सगळं समजत होतं.

"आता एवढं वजन बिजागऱ्यांना पेलणार नाही," तो म्हणाला. "आता ही कायमची खालीच राहील."

ग्रिट पलंगावर बसली होती, मान वाकवून, माझ्याखाली. "कायमची? मी बारा महिने फळीखाली झोपू?"

"मग स्वयंपाकघरातल्या बाकावर झोप. ऊबदार आहे."

"आणि सकाळी पाचला तुम्ही दोघं कॉफी करायला आलात की?"

"उठायचं! पाचला उठलीस तर कदाचित काहीतरी होईल तुझं."

ग्रिट खालून बाहेर आली. मीटरपट्टी घेतली आणि माझ्या कडेला धरली. "पप्पा, हे बघा. हे इंजिन शहात्तर सेंटिमीटरच्या आत वळतच नाही. खोक्यावर लिहिलंय. फळी सत्तरची आहे. ते भिंतीपर्यंत जाईल आणि परत येईल. आपल्या घरात हे बसत नाही, एवढं काकांना सांगता येत नाही का?"

"शाळा सोडलेली पोर मला गणित शिकवणार!"

तिनं मीटरपट्टी माझ्यावर टाकली. आई दारात उभी होती, हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसत. ती म्हणाली, "अगं, वडिलांना एक तरी आनंद असू दे की." ही बाई वाईट नाही. पण असली माणसं नेमकी कुठं उभी असतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

तीन दिवसांनी ग्रिट एका रुग्णालयाच्या धुण्याच्या विभागात कामाला लागली आणि तिथल्या वसतिगृहात राहायला गेली. तिघींत एक खोली. जाताना तिनं गादी गुंडाळून दोरीनं बांधली. सिगमार म्हणाला, "रुसून कुठं जातेस?" ती म्हणाली, "रुसून नाही. जागा नाही म्हणून जातेय." तिचं पाऊल जिन्यावर वाजलं तसं सिगमारनं मीटरपट्टी उचलली आणि मला मोजलं. मी सत्तरच भरले, शहात्तर लागत होते. तो एकटाच "हं" म्हणाला.

मग त्यानं पलंग खोलला. पलंग गेला आणि त्याला हावच सुटली. मला तीस सेंटिमीटरची पट्टी जोडली. मग खिडकीखालून एक तुकडा, मग समोरच्या भिंतीनं एक, मग दाराच्या पुढ्यातून एक. मधे एक भोक, त्यात सिगमार उभा. तिथं पोचायला त्याला पोट घासत माझ्याखालून रांगावं लागतं. आता मी अख्खी अर्धी खोली आहे. अर्धीचं अख्खं होतं कसं, मला विचारू नका.

ईस्टरला आर्मिनचं पत्र आलं. रोसविथानं मोठ्यानं वाचलं. 'इंजिन कपाटात छान दिसत असेल ना? आमच्याकडे एक जास्तीचं होतं, म्हटलं सिगमारच्या काचेच्या कपाटात कपबश्यांशेजारी शोभेल. चालवायचं माझ्या डोक्यातच नव्हतं.'

सिगमारनं पत्र मागून घेतलं, स्वतः वाचलं, घडी घातली.  त्या दिवसापासून त्यानं एक खिळा ठोकलेला नाही. माझा निम्मा भाग नुसतं लाकूड आहे.

मागच्या रविवारी दुपारी ग्रिट आली. आईसाठी रेवडीसारख्या गोड गोळ्या घेऊन, केस कापून, हात साबणानं लाल झालेले. अर्ध्या खोलीचं दार तिनं ढकललं. दाराच्या पुढ्यातला तुकडा आडवा आला. दार वीतभर उघडलं, बस.

सिगमार आतल्या भोकात उभा होता, इंजिन पुसत. "अगं, ये ना आत!" तो म्हणाला. आवाजात खरंच आनंद होता, खोटं कशाला बोलू.

"कुठून?"

"खालून ये. मी तसाच येतो. सवय होते."

ग्रिटनं त्या वीतभर फटीतून माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आठ वर्षं मी खालीच झोपले, पप्पा. आता खालून नाही येणार."

"असं काय करतेस? मग मी येतो बाहेर."

"नको. वाकलात तर तुमची कंबर धरते."  "मला बोलायचं होतं. पुढच्या वर्षी संध्याकाळची शाळा धरणार आहे. सांगायला आले होते."

सिगमारनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता चांगलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "सांग ना मग." पण तोवर ती स्वयंपाकघरात आईजवळ गेली होती, आणि मधे आम्ही होतो: प्लॅस्टर, भुसा, दीड डोंगर आणि मी.

तेव्हापासून तो त्या भोकात उभा राहतो आणि दाराकडे बघतो. त्याला काय करायचंय ते कळत नाही असं दिसतं. मला इतकी वर्षं वर-खाली, लहान-मोठं काही कळलं नाही, पण हे कळलंय. तुमच्यापैकी कोणी पाचव्या मजल्यावर जाणार असाल तर त्याला माझा निरोप सांगा. करवत घे. दाराच्या पुढ्यातला तुकडा काप. त्याच्यावर अजून काहीच उगवलेलं नाही, मला लागणार नाही. आणि लागलं तरी काप. लवकर काप, ती पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे म्हणाली होती, आईला.