कलावतीच्या नावाचा गुंड

दीक्षा भांडी वाटून घ्यायला आली होती, पण बसली होती पंचनाम्याला. गुढियारी वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत एकेक भांडं ती उपडं करून तपासत होती.

वकिलानं नियम साधा सांगितला होता. भांड्यावर ज्याच्या घरचं नाव कोरलेलं, भांडं त्याचं. यादीवर सही झाली की पुढं कोणी काही मागायचं नाही. फ्रिज, कपाट, दिवाण, सगळ्यावर दीक्षानं पाणी सोडलं होतं ते एका पितळेच्या गुंडासाठी, पाणी भरायच्या घागरीसाठी. तिच्या आईचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

तिचा पूर्वीचा नवरा प्रफुल्ल दाराशी यादी घेऊन बसला होता. एरवी चमच्यावरून भांडणारा हा बाबा आज सगळ्याला 'हव, हव' करून राहिला होता, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. आठ महिने ती भावाकडे, घर याच्या ताब्यात. काय काय इकडचं तिकडं केलं असेल, कोणास ठाऊक.

शेवटी गुंड आला. आईचं नाव बरोबर होतं, कलावती हरिदास मेश्राम. तिनं तो उपडा केला आणि तिचा हात थांबला. आईच्या गुंडाच्या बुडाला भोक झाळल्याचा रुपयाएवढा डाग होता. हे बूड साफ होतं.

"बदलला न तुम्ही?" घटस्फोट झाला तरी तिचं 'तुम्ही' सुटलं नव्हतं. "मी सही नाही करत. मले माझ्या मायचा गुंड पाहिजे."

"हव, बदलला," प्रफुल्ल खाली बघत म्हणाला. "सहा वर्षं झाली. तुही माय गेली त्या दिवाळीले तू माळ्यावरचं पितळ मोडीत देऊन कुकर आणला. त्या पोत्यात गुंडबी गेला. मी दुकानात गेलो, तोवर माल भट्टीत. तू रडशील म्हणून दुसरा घेतला, नाव घालून माळ्यावर ठेवला."

"काहून रचून राहिले आता?"

"गळ्याचा पोचा बघ. कोणी पाडला?"

पोचा तिनंच पाडला होता. चार वर्षांपूर्वी नळावरून येताना हाच गुंड हातून निसटला होता; बूड तेव्हा तिनं उलटून पाहिलंच नव्हतं. आईची वस्तू खराब केली म्हणून ती दिवसभर रडली होती. हा माणूस शेजारी बसून होता आणि एक शब्द बोलला नव्हता.

दीक्षाला त्याचा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. गुंड तिनं मांडीवरून खाली ठेवला नाही.

"काय लिहू?" त्यानं विचारलं.

"मायचा गुंड, मिळाला." तिनं सही केली.

प्रफुल्लनं त्या दिवाळीचा कुकर तिच्याकडे सरकवला. झाकणावर तिचंच नाव होतं. तिनं तो पायानं परत ढकलला.

"तो नका देऊ मले," ती म्हणाली.