डाव्या मागच्या खुराचा माग

माग काढण्यात भागाबाई पारधिणीचा हात धरणारं वेणा नदीच्या काठी कोणी नव्हतं. तितर कोणत्या झुडपातून निघाला, ससा पाण्यावर कधी येऊन गेला, हे ती नुसती रेतीकडे बघून सांगायची. हिंगणघाटाच्या दोन कोस खाली, एका गावाशेजारी नदीच्या थडीला तिच्या लोकांची सात पालं होती. फासे लावायचे, पाखरं धरायची, बाजारात न्यायची; बापजाद्यांपासून हेच चाललेलं.

पंचावन्न सालच्या चैत्रात पालांजवळच्या डोहातले मासे पोट वर करून तरंगले. दुसऱ्या दिवशी गावच्या महादेवराव पाटलांची दुभती गाय तिथलं पाणी पिऊन मेली. संशय घ्यायला गावाला फार लांब जावं लागलं नाही. खादीचं काम करणारे अण्णाजी आधीपासूनच सांगत होते, की जीव मारून पोट भरणाऱ्यांच्या हातून चांगलं काय घडणार? आता त्यांनी भर चावडीत म्हटलं, मासे मारायला पारध्यांनीच डोहात विष कालवलं. पाटलांनी निकाल दिला, उद्या संध्याकाळपर्यंत पालं उठली पाहिजेत.

भागाबाईचा नवरा सोनबा मुकाट्यानं मेखा उपटायला लागला. जन्मभर तो असाच उठत आला होता. भागाबाईनं त्याच्या हातातली मेख घेतली, पुन्हा जमिनीत ठोकली आणि थेट चावडी गाठली.

"पाटील, आमी फासे लावतो, ईख नाई टाकत," ती म्हणाली. "ईख खाल्लेलं पाखरू लेकराले कोन चारते? उद्या सकाळी माह्यासंगं नदीनं चाला. मंग काय ते ठरवजा."

पाटील आढेवेढे घेत का होईना, सकाळी निघाले. अण्णाजीही काठी घेऊन आले. भागाबाई पुढं, रेतीवर नजर. डोहाजवळ ती थांबली. पाखरांची पावलं पाण्याच्या हातभर अलीकडे यायची आणि तिथूनच माघारी फिरायची. असंच अर्धा कोस वर गेल्यावर एके ठिकाणी रेती निळी-हिरवी पडलेली दिसली. त्याच्या वर मात्र पावलं बेधडक पाण्यापर्यंत गेलेली. आणि निळ्या रेतीपाशी गाडीच्या चाकोऱ्या होत्या, येतानाच्या खोल, जातानाच्या उथळ.

"भरून आली, रिकामी गेली," ती म्हणाली. "अन् एका बैलाच्या मागच्या डाव्या खुराचा नाल पडला हाये. पाय वढत चालते."

त्या चाकोऱ्या धरून ती निघाली. खडकाळ माळावर माग हरवला, तेव्हा पाटील म्हणाले, पुरे झालं आता. भागाबाई उकिडवी बसली, बोटांनी दगड चाचपले, उठली आणि उजवीकडे वळली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ते हिंगणघाटाच्या शिवेवर, सूत रंगवण्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उभे होते.

तिथले मुनीम बापूराव ऐकूनच घेईनात. त्यांचं म्हणणं, कारखान्याची गाडी नदीकडे कधी जातच नाही आणि पारधिणीच्या सांगण्यावर शहाण्या माणसांनी इतकी पायपीट करावी याचंच नवल. आवारात हौदाशी आठ बैल पाणी पीत होते. भागाबाईनं हौदाभोवतीचा चिखल पाहिला. मग सरळ जाऊन एका पांढऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"याचा मागचा डावा पाय उचला."

बापूराव हसले. कोणी हलेना. शेवटी अण्णाजीच वाकले आणि त्यांनी पाय उचलला. खुराचा एक नाल गेलेला होता, आणि दोन नख्यांच्या फटीत निळा गाळ घट्ट बसलेला. ते पाहून हौदाशी उभा असलेला गाडीवान पुढं आला. रंगाच्या गाळाची पिंपं नदीत ओतायचा हुकूम मुनिमांचाच, हे त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. बापूरावांचं हसू विरलं. मालकाला बोलावणं गेलं, आणि कारखान्याच्या आवारातच खड्डा खणून गाळ त्यात टाकायचा, असं त्यानं पाटलांना लिहून दिलं.

त्या संध्याकाळी चावडीत अण्णाजींनी हात जोडून सांगितलं, की आपण खोटा आळ घेतला. शिकार आजही मनाला पटत नाही, हेही प्रामाणिकपणे बोलले.

"तुमी नका खाऊ, अण्णाजी," भागाबाई म्हणाली. "पन पाह्यल्याबिगर बोलू नका."



पालं जागच्या जागी राहिली. पाटलांनी तिला विचारलं, आता गुरांना पाणी कुठं पाजायचं? तिनं नदीची, निळ्या रेतीच्याही वरची बाजू दाखवली. दुसऱ्या सकाळी गावची झाडून सारी गुरं पालांसमोरून वरच्या अंगाला निघाली. सोनबा दारात ताठ उभा राहून त्यांना वाट दाखवत होता.